घरचे दप्तर आणि आग-पाण्याचे संकट



पुराचे पाणी उंबरठ्याला लागले किंवा शेजारच्या घराने पेट घेतला, म्हणजे घरातील कर्ता माणूस प्रथम लेकरांना आणि वृद्धांना बाहेर काढतो. मग गोठ्यातील दावी कापली जातात. त्यानंतरही सवड मिळालीच, तर दागिन्यांचा डबा आणि धान्याची दोन पोती हलविली जातात. हा क्रम योग्यच आहे आणि त्यात फेरबदल सुचविण्याचा या भाषणाचा हेतू नाही. कागदपत्रांसाठी पेटत्या घरात किंवा चढत्या पाण्यात कोणीही परत जाऊ नये, हे तर सर्वांच्या आधी सांगितले पाहिजे.

कागदांची आठवण होते ती सहसा तिसऱ्या दिवशी. पाणी ओसरलेले असते, गाळ उपसणे चालू असते आणि तलाठी पंचनाम्यासाठी दारात उभा असतो. घर कोणाच्या नावावर आहे, शेत कोणत्या गटात आहे, मदतीची रक्कम कोणत्या खात्यात जमा करावयाची, विम्याचा करार कोणता, असे प्रश्न एकामागून एक येऊ लागतात. संकटानंतरच्या प्रत्येक साहाय्याच्या पायरीवर माणसाला आपली ओळख व आपला हक्क पटवून द्यावा लागतो. म्हणजे कागद ज्या दिवशी सर्वांत अधिक हवे असतात, नेमक्या त्याच दिवशी ते चिखलात असतात. मुलाचे महाविद्यालयातील प्रवेशही बहुधा याच पावसाळ्याच्या दिवसांत चालू असतात, ही अडचण आणखी वेगळी.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचा बांधही टिकला नाही आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा काही तासांत पाण्याखाली गेल्या. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतील तळमजल्यावरची असंख्य घरे कपाटांसकट भिजली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांनी सांगली-कोल्हापूरकडील गावांना वेढले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या शतकाहून जुन्या ग्रंथालयाला तर २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांचा तडाखा सोसावा लागला. जेथे ग्रंथांची निगा राखणे हेच काम आहे, तेथे ही स्थिती. मग पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीची काय कथा!

आगीच्या बाबतीत शासनालाही स्वतःच्या दारातच धडा मिळाला आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, ती वरच्या मजल्यांवर पसरली, पाच जणांचे प्राण गेले आणि अनेक विभागांच्या नस्ती भस्मसात झाल्या. त्यानंतर त्या नस्ती पुन्हा उभ्या करताना क्षेत्रीय कार्यालयांत आणि पत्रव्यवहार झालेल्या अन्य कार्यालयांत असलेल्या प्रतींचाच आधार घ्यावा लागला. कागदाची जोडप्रत दुसरीकडे होती तेथे काम पुढे सरकले. घरगुती दप्तराचे मर्मही हेच आहे.

प्रत्येक घराने आपल्या कागदांची एकदा शांतपणे विभागणी करावी. ही विभागणी कागद किती महाग किंवा किती जुना यावरून करावयाची नाही. त्या कागदाची नोंद अन्यत्र कोठे आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारावयाचा.

बहुतेक कागद, विचार केला तर, कोठल्या तरी नोंदवहीचे उतारे असतात. सातबारा हा गावच्या अधिकार-अभिलेखातील उतारा आहे आणि आता तो डिजिटल स्वाक्षरीने कधीही काढता येतो. घराचे नोंदणीकृत खरेदीखत जळाले तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याची प्रत असते आणि नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये तिची प्रमाणित नक्कल मिळते. जन्माचा दाखला नोंदवहीत असतो, गुणपत्रिका परीक्षा मंडळाकडे असते, विम्याचा करार कंपनीच्या दप्तरात असतो. हे कागद गेले तर त्रास होतो, खेपा पडतात, थोडा खर्च येतो. पण हक्क जात नाही.

मात्र येथे एक मेख आहे. नक्कल मागावयास गेलेल्या माणसाला कार्यालयात पहिला प्रश्न विचारला जातो तो क्रमांकाचा. दस्त कोणत्या वर्षीचा, कोणत्या दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेला, दस्त क्रमांक कोणता? दहावीची परीक्षा कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, बैठक क्रमांक काय? फेरफार कितवा? पॉलिसीचा क्रमांक कोणता? हे ठाऊक असेल तर काम त्या मानाने सुकर होते. ठाऊक नसेल तर नावावरून शोध घ्यावा लागतो. आणि एकाच गावात एकाच नावाची चार माणसे निघणे आपल्याकडे मुळीच अपूर्वाईचे नाही. खरेदीखतासाठी सूची क्रमांक दोनचा उतारा अशा वेळी उपयोगी पडतो, कारण त्यात पक्षकारांची नावे, मिळकतीचे वर्णन आणि दस्ताचा क्रमांक एकत्र मिळतो. तरीही शोध तो शोधच.

म्हणून पहिले काम अगदी बिनखर्चाचे आहे. शंभर पानांची एक साधी वही घ्यावी आणि घरातील प्रत्येक महत्त्वाच्या कागदाला तीत एक ओळ द्यावी. कागद कशाचा, कोणाच्या नावाचा, कोणत्या कार्यालयाने दिला, त्याचा क्रमांक आणि दिनांक, आणि मूळ कागद घरात कोठे ठेवला आहे, एवढे लिहिले म्हणजे पुरे. शेताचा गट क्रमांक, घराचा नगर भूमापन क्रमांक, शिधापत्रिका, आधार, पॅन, पारपत्र, बँकेची खाती, मुदत ठेवी, टपाल बचतीची प्रमाणपत्रे, वाहनाची नोंदणी, सेवापुस्तकातील किंवा निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक हे सर्व तीत यावे. वही बॉलपेनने लिहावी. त्याची शाई तेलकट असल्याने पाण्याने सहसा फुटत नाही. दौतीच्या शाईने काढलेले सुंदर अक्षर एका रात्रीत निळे डबके होते. आणि या वहीची एक नक्कल दुसऱ्या गावी राहावी. सासरी गेलेली लेक असो, नोकरीनिमित्त परगावी असलेला भाऊ असो, ज्याच्यावर विश्वास टाकता येईल अशा माणसाकडे ती असावी. आपण आणि आपले शेजारी एकाच नदीच्या काठी राहतो, हे ध्यानात घेतले तर शेजाऱ्याकडे प्रत ठेवण्यात अर्थ नाही, हे सहज कळेल.

वही लिहिताना आणखी एक गोष्ट घडते. घरातील स्त्रियांना अनेकदा कागद कोठे आहेत हेच ठाऊक नसते. ते ‘यांच्या कपाटात’ असतात. कर्त्या पुरुषाच्या मागे किल्ल्या सापडतात, पण कोणत्या बँकेत ठेव आहे हे सापडत नाही. वही लिहावयास पती-पत्नीने एकत्र बसावे. आग लागली नाही, पूर आला नाही, तरी तेवढ्याने या श्रमांचे सार्थक होईल.

आता मोबाइल फोनने कागदाचे छायाचित्र घेणे सर्वत्र रूढ झाले आहे आणि ते चांगलेच आहे. मात्र छायाचित्रात चारही कोपरे दिसावेत आणि पाठीमागची बाजू विसरू नये, कारण शिक्के, पृष्ठांकन, मुद्रांकाचा तपशील बहुधा पाठीमागेच असतो. छायाचित्र केवळ फोनमध्ये राहिले तर फोनसह तेही बुडते. ते दुसऱ्या गावच्या आप्तांकडे किंवा महाजालावरील साठवणीत पोचले पाहिजे. २०१५ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या डिजिलॉकर या सुविधेत दोन प्रकारचे कागद असतात आणि त्यांतील भेद लोकांच्या लक्षात येत नाही. संबंधित कार्यालयाने स्वतः तेथे निर्गमित केलेला दाखला नियमांनुसार मूळ कागदाच्या तोडीचा मानला जातो. आपण स्वतः छायाचित्र काढून तेथे चढविलेला कागद ही मात्र केवळ नक्कल असते.

येथवर झाली ती जोडप्रत असलेल्या कागदांची गोष्ट. खरी चिंता दुसऱ्या गटाची आहे.

हा गट लहान असतो. काही घरांत त्यात चार कागद असतील, काही घरांत एक. नोंदणी न केलेले मृत्युपत्र, नोंदणी न झालेला वाटणीचा लेख, आजोबांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला, मोडीतील एखादा करार, इनामाची सनद, धरणात जमीन गेल्याच्या वेळची नोटीस, एकमेव छायाचित्र. यांची नोंद अन्यत्र असेलच, याची शाश्वती नाही. शाळा बंद पडली असेल, तिचे जनरल रजिस्टर वाळवीने खाल्ले असेल, किंवा त्याच पुरात तेही भिजले असेल.

आजोबांच्या दाखल्याचे मोल कळावयास जातपडताळणी समितीच्या दारात उभे राहावे लागते. महाराष्ट्रात जातीच्या दाव्यासाठी विशिष्ट दिनांकापूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक होत. त्यापूर्वी शाळेत गेलेला एखादाच पूर्वज पुष्कळ कुटुंबांत असतो. शिक्षण ज्यांच्यापर्यंत उशिरा पोचले, त्यांच्याकडे कागदही कमी आणि त्या थोड्या कागदांवर अवलंबून असलेल्या गोष्टी मात्र अधिक, असा हा उफराटा न्याय आहे. दोन वीत लांबीचा तो पिवळा तुकडा गेला, तर नातीच्या प्रवेशासाठी कोतवाल बुकापासून गाव नमुना चौदापर्यंत दप्तरे धुंडाळीत फिरावे लागते. आणि शोध लागेलच असे नाही.

ही वेळ जुनीच आहे. ब्रिटिश अमदानीत १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशन नेमले गेले, तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातील इनामदारांना आपल्या सनदा दाखविण्यास सांगण्यात आले. ज्यांना त्या सादर करता आल्या नाहीत, अशा अनेकांची इनामे खालसा झाली.

तेव्हा घरातील शक्ती आणि पैसा या दुसऱ्या गटावर खर्च करावा. त्यातही पहिला उपाय पेटी घेण्याचा नसून या कागदांना जोड निर्माण करण्याचा आहे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण ती करता येते. शिवाय मृत्युपत्र मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे सुरक्षित ठेवण्याची तरतूदही नोंदणी अधिनियमात आहे. तिचा लाभ फारच थोडे लोक घेतात. मोडीतील कागद धड आहे तोवर जाणकाराकडून त्याचे देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे; फाटलेल्या मोडीचा अर्थ लावणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. जुन्या दाखल्यावरून शाळेतील जनरल रजिस्टरचा प्रमाणित उतारा आजच मागून घ्यावा, म्हणजे एका कागदाचे दोन होतात.

आता ठेवण्याच्या जागेविषयी. आपल्याकडे कागद ठेवण्याच्या चार जागा ठरलेल्या आहेत: गादीखाली, देव्हाऱ्यामागे, माळ्यावर आणि लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात. या चारही जागा वाईट आहेत. खालच्या खणात पाणी प्रथम शिरते. माळ्यावर गळतीचे पाणी येते आणि आगीत सर्वाधिक उष्णता छताखालीच साठते. गादी तर स्वतःच पेट घेते व पाणीही शोषते. देव्हाऱ्यातील निरांजन पवित्र असले तरी ते आगच आहे. कागदांची जागा छातीच्या उंचीवर, स्वयंपाकघर व विजेच्या मुख्य फलकापासून दूर, आणि दाराकडे जाताना सहज हाती लागेल अशी असावी.

लोखंडी कपाटाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. कपाट चोरापासून रक्षण करते, आगीपासून नाही. पोलादी पत्रा उष्णता झटकन आत पोचवितो. खोलीला लागलेली आग सहाशे अंश सेल्सिअसच्या पलीकडे सहज जाते. कागद मात्र सुमारे दोनशे तीस अंशांच्या आसपास काळवंडून जळू लागतो. म्हणजे दार बंद असलेल्या कपाटात ज्वाला न शिरताही आतले कागद भाजून निघतात. आगरोधक म्हणून ज्या पेट्या व कपाटे खास बनविली जातात, त्यांच्या दुहेरी भिंतींत उष्णतारोधक द्रव्य भरलेले असते. त्या द्रव्यात बद्ध असलेले पाणी तापल्यावर वाफ होऊन निघते आणि त्यात पुष्कळ उष्णता खर्ची पडते. ठरावीक वेळ, म्हणजे अर्धा तास, एक तास किंवा दोन तास, आतील तापमान १७७ अंशांच्या खाली राहील अशी कागदासाठीची कसोटी असते. पेटी घेताना या वेळेचा व कसोटीचा उल्लेख तिच्यावर आहे का, ते पाहावे. ‘फायरप्रूफ’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. त्याच पेटीत पेनड्राइव्ह ठेवून निश्चिंत होणेही चूक आहे. संगणकीय साठवणीच्या साधनांसाठीची कसोटी अवघ्या ५२ अंशांची असते. कागदाला सोसणारी ऊब त्यांना सोसत नाही.

अशी पेटी प्रत्येकाला परवडणार नाही, हे उघड आहे. तेथे जुन्या दप्तरांची रीत उपयोगी पडते. कागद सुटे, फडफडते ठेवण्यापेक्षा घट्ट गठ्ठ्यात बांधलेले असले तर आगीत ते कडांनी जळतात, पण मधल्या पानांपर्यंत हवा न पोचल्याने ती पुष्कळदा वाचतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत. सुती कापडाचे बासन धूळ अडविते आणि हवा खेळू देते. घरच्या दप्तरालाही आत सुती कापड आणि बाहेर घट्ट झाकणाचा डबा, असा दुहेरी बंदोबस्त करता येतो.

पाण्यासाठी मात्र प्लॅस्टिकवाचून इलाज नाही, आणि प्लॅस्टिकचे स्वतःचे दोष आहेत. मऊ, लवचीक, विशिष्ट वास येणाऱ्या आवरणाला झेरॉक्सची अक्षरे चिकटतात आणि कागद काढताना उचलली जातात. त्याऐवजी ताठ, स्वच्छ, वास नसलेले पॉलिएस्टरचे आवरण घ्यावे. दुसरे असे की दमट दिवशी बंद केलेल्या पिशवीत दमटपणाही बंद होतो आणि श्रावणापर्यंत आत बुरशी धरते. मृगाच्या आधी जसे आपण घर शाकारतो, लाकूडफाटा आत घेतो, तशीच कागदांची आवरणेही वैशाखातील एखाद्या कोरड्या दुपारी, कागद सावलीत वारा देऊन मग मिटवावीत. पिशवी दुहेरी असावी. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आत टाकली तर उत्तम. डांबराच्या गोळ्या कागदाला थेट लागतील अशा ठेवू नयेत.

लॅमिनेशनचा मोह तर कटाक्षाने टाळावा. चकचकीत आवरणात घातलेला दाखला सुरक्षित दिसतो; परंतु कडेने एकदा पाणी आत शिरले की ते बाहेर पडत नाही, शाई आतल्या आत पसरते आणि कागद कधीच मोकळा करता येत नाही. तापलेल्या रुळांमधून जाताना जुना कागद ठिसूळ होतो ते वेगळेच. उलट बाजूचा शिक्का, कागदाचा पोत, दाबून उमटविलेली मोहोर तपासता येत नाही म्हणून काही कार्यालये असा कागद नाकारतातही. आजोबांचा दाखला लॅमिनेट करून भिंतीवर लावणे हा आदर खरा, पण त्यासाठी झेरॉक्स प्रत वापरावी.

पूरप्रवण गावांत आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे. दुसऱ्या गटातील कागद, वही आणि चालू ओळखपत्रे मिळून एक पिशवी जून ते सप्टेंबर दाराजवळच्या खुंटीला तयार ठेवावी. ती एका हाताने उचलता आली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात मूल असणार. ती कोणी उचलायची हेही घरात आधी ठरलेले असावे.

एवढे करूनही कागद भिजले तर? तर ते गेले असे समजू नये. घाईने केलेल्या उपचाराने जितके कागद नासतात, तितके पाण्यानेही नासत नसतील.

उष्ण व दमट हवेत ओल्या कागदावर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. म्हणजे हाती असतात ते जेमतेम अठ्ठेचाळीस तास. ओल्या कागदाचे बळ अगदी थोडे राहते, म्हणून चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. गठ्ठा खाली ताट किंवा फळी सरकवून आहे तसा उचलावा. गाळ असेल तर गठ्ठा बंद ठेवूनच स्वच्छ थंड पाण्याच्या बादलीत हलकेच बुडवून काढावा, बोटांनी चोळू नये. मात्र दौतीच्या शाईचे लेखन असेल तर धुण्याच्या भानगडीत पडू नये. शाई फुटते की नाही याची शंका असेल तर ओला कापूस एखाद्या बिनमहत्त्वाच्या अक्षराला टेकवून पाहावा. मग पाने जशी सुटतील तशी टीपकागदावर किंवा सुती कापडावर पसरावीत. वर्तमानपत्र वापरले तर त्याची शाई कागदावर उमटते. ताणून बांधलेली जुनी मच्छरदाणी हे कागद वाळविण्याचे फार चांगले साधन आहे, कारण हवा खालूनही लागते. उन्हात ठेवू नये, इस्त्री फिरवू नये, चुलीजवळ नेऊ नये. सावली आणि वारा एवढेच पुरेसे. पंखा असल्यास त्याचा झोत थेट कागदावर न सोडता खोलीत हवा खेळेल असा ठेवावा.

छायाचित्रांचे तंत्र वेगळे आहे. चकचकीत कागदावरील छायाचित्रे एकमेकांवर वाळली की त्यांचा एकच ठोकळा होतो. ती ओली असतानाच, गरज पडल्यास थंड पाण्यात ठेवून, सुटी करावीत आणि चेहरा वर करून पसरावीत.

कागद फार असतील आणि दोन दिवसांत आटोपणार नाहीत असे दिसले, तर लहान लहान गठ्ठे दुहेरी पिशवीत बांधून गोठवून ठेवावेत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि नंतर सवडीने एकेक गठ्ठा काढून वाळविता येतो. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला, तेव्हापासून भिजलेल्या कागदाच्या शास्त्राला जगभर चालना मिळाली. त्यानंतरच्या काळात गोठविण्याची ही पद्धत मान्यता पावली. पुरानंतर घरात वीज नसते हे खरे. परंतु पूर न आलेल्या गावातील नातेवाइकाचा फ्रीज, जवळचे शीतगृह किंवा किनाऱ्याकडील बर्फाचा कारखाना यांची विचारपूस करण्यास हरकत नाही.

आगीतून आलेले कागदही बहुधा ओलेच असतात, कारण अग्निशामक दलाचे पाणी त्यांच्यावर पडलेले असते. काजळी हाताने पुसू नये, ती आत मुरते. कागद वाळल्यावर मऊ कोरड्या कुंचल्याने झटकावी. आगरोधक पेटी आगीतून निघाली तर ती पूर्ण थंड होईपर्यंत, लागल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत, उघडू नये. आतील तापलेल्या कागदांना एकदम हवा मिळाली तर ते डोळ्यांदेखत पेटतात. त्याच पेटीत नोटा असतील आणि त्या करपून ठिसूळ झाल्या असतील, तर त्या फेकू नयेत किंवा सरळ करू नयेत. अशा नोटा भारतीय रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात नियमांनुसार तपासल्या जातात.

जे वाचले नाही त्याची व्यवस्था पंचनाम्यापासून सुरू होते. भांडीकुंडी, धान्य, भिंती यांबरोबर कोणकोणती कागदपत्रे नष्ट झाली हेही पंचनाम्यात लिहून घेण्याचा आग्रह धरावा आणि पंचनाम्याची प्रत मागावी. दुय्यम प्रतीसाठी पुढे जेथे जेथे प्रतिज्ञापत्र किंवा पोलिसांकडील नोंद मागितली जाते, तेथे या प्रतीचा आधार होतो. अर्ज कोणत्या क्रमाने करावेत यालाही महत्त्व आहे. प्रथम आधार व बँकेचे खाते, म्हणजे मदत अडत नाही, मग शिधापत्रिका, मग मुलांची गुणपत्रिका व दाखले, कारण त्यांना मुदत असते. खरेदीखताची प्रमाणित नक्कल महिन्या-दोन महिन्यांनी काढली तरी चालते. निबंधकाच्या कार्यालयातील प्रत तोवर कोठे जात नाही. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि तिचा क्रमांक व दिनांक त्याच वहीत, नष्ट झालेल्या कागदाच्या ओळीसमोर, लिहून ठेवावा.